डुगडुगणारं टेबल

कॉलेजच्या कँटीनमधलं टेबल डुगडुगत होतं आणि माझं डोकं तापलं होतं. समोर माझी भाची, गणितात बावन्न मार्क मिळवून बसलेली. विषय बदलण्याचा अर्ज पुढे सरकवत भावोजी म्हणाले, “सही कर. बावन्नवाल्यांनी गणिताच्या नादी लागू नये.” जणू गणित यांच्याच घरी भाड्यानं राहतं. अर्ध्याहून जास्त समजलंय, हे कुणी बघतच नाही. माझ्यापुढे असाच अर्ज आला तेव्हा मी मुकाट्यानं सही केली होती. तो राग अजून उतरलेला नाही.

भाचीनं अर्जाच्या चार घड्या घातल्या आणि वाकून तो टेबलाच्या पायाखाली सारला. “लिहिता येत नव्हतं, बाबा,” म्हणाली आणि अडलेल्या गणिताची वही उघडली.

मी भावोजींसाठी चहा मागवला, मुद्दाम बिनसाखरेचा.