तिवऱ्याचा दाणा आणि परदेशी गिरणी

अर्थशास्त्रात एम.ए. केलं होतं, म्हणून मला त्या नोकरीचं फार अप्रूप वाटलं. रायपूरच्या शंकर नगरात एका संस्थेच्या ऑफिसात मी दुभाषी म्हणून लागले. पैसा परदेशातल्या एका सरकारचा, काम अभनपूरच्या पुढच्या गावांतल्या बायकांचं, आणि दोघांच्या मधे मी. पुस्तकातलं मनात पक्कं बसलं होतं: गरीब देशाजवळ भांडवल नसतं, बाहेरून मदत आली की धंदे उभे राहतात, धंदे उभे राहिले की देश वाढतो.

एका गावात बाराएक बायकांचा गट होता. घरच्या जात्यावर तिवरा भरडून त्या डाळ विकत. तिवरा म्हणजे आपल्या विदर्भातली लाखोळी, चपटा आणि कोनेदार दाणा. गटाची मुखिया पन्नाशीची, एकटीनं शेती सांभाळणारी. सगळे तिला दीदी म्हणत. पहिल्याच बैठकीत आमच्या साहेबांनी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? दीदीनं क्षणभरही विचार केला नाही. रायपुरात बनते तसली लहान डाळ-गिरणी, म्हणाली. बिघडली तर मिस्त्री दुसऱ्या दिवशी येतो. मी तिचा शब्दन् शब्द इंग्रजीत उतरवून पाठवला.

वर्षभरानं आली ती जहाजातून आलेली, लाकडी खोक्यात बंद केलेली भलीमोठी गिरणी. मदतीच्या करारातच अट होती की यंत्र त्यांच्या देशातल्या कारखान्यातूनच घ्यायचं. मी साहेबांना विचारलं, "यांनी तर दुसरीच मागितली होती ना?"

साहेब हसले. "मॅडम, दान की बछिया के दाँत नहीं गिनते." दानात मिळालेल्या कालवडीचे दात मोजायचे नसतात.

ती गिरणी गोल दाण्यासाठी बनवलेली होती. तिवरा तिच्यात अडकायचा, नाहीतर चुरा होऊन बाहेर पडायचा. तिसऱ्या आठवड्यात आतली जाळी तुटली. तसली जाळी इथं कुठं मिळणार? पत्रं गेली, मंजुऱ्या अडकल्या, आणि बायका परत जात्यावर बसल्या. त्यांच्यासाठी बांधलेल्या शेडमध्ये मात्र ती गिरणी जागा अडवून उभी.

मी एका रविवारी बाबांना घेऊन गेले. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. कोपरापर्यंत ग्रीस माखून ते बाहेर आले.

"मशीन खराब नाही बाई. दुसऱ्याच दाण्यासाठी बनवली हाये. इथला दाणा कसा हाये, हे कोणं विचारलंच नाही का?"

"विचारलं होतं, बाबा. मीच लिहून पाठवलं."

"मंग?"

मी त्यांना ग्रीस पुसायला फडकं दिलं.

मग परदेशातून पाहणीला एक अधिकारी बाई येणार असं कळलं. आदल्या दिवशी आमच्या ऑफिसच्या गाडीतून बाजारातल्या डाळीची पोती गावात आली. गिरणी रिकामीच चालवायची आणि समोर डाळीचा ढीग रचायचा, असं ठरलं. हे मला गावात पोचल्यावर कळलं, आणि कळूनही मी गप्प राहिले.

पाहुणी माझ्याच वयाची होती. खुर्ची बाजूला सारून ती बायकांसोबत चटईवर बसली. तिनं विचारलं, गिरणीनं काय फरक पडला? दीदी बोलायला लागली. मागितलं काय, मिळालं काय, जाळी कधी तुटली, अर्ज किती वेळा केले, सगळं. ती थांबली तेव्हा मी साहेबांकडं पाहिलं. त्यांनी हळूच नकाराची मान हलवली. मी इंग्रजीत म्हणाले, "यंत्र चांगलं आहे, थोड्या अडचणी आहेत, त्या आभारी आहेत."

दीदीला इंग्रजी येत नव्हतं, पण तिला हिशेब कळत होता. ती मला म्हणाली, "मैं अतेक बेर ले गोठियाएंव, अउ तैं दू ठन गोठ मा निपटा देस?" मी इतका वेळ बोलले आणि तू दोन वाक्यांत उरकलंस?

बायका हसल्या. एवढी शिकलेली मी, आणि ज्या बाईचं म्हणणं पोचवायला मला पगार मिळत होता, तिचंच तोंड मी दाबलं होतं. मी पाहुणीला म्हटलं, "माफ करा, मी चुकीचं सांगितलं." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

पाहुणीनं ढिगाकडं बोट केलं. "मग ही डाळ?"

"बजार के," दीदी म्हणाली.

पाहुणी उठली आणि दीदीसमोर हात जोडून उभी राहिली. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

झालं ते असं की माझा करार पुढं वाढला नाही. काही महिन्यांनी छापील अहवाल आला. त्यात ते गाव होतं, 'उत्पन्नवाढीचं उदाहरण' म्हणून. पाहुणीनं खोटं लिहिलं असेल असं मला वाटत नाही; वर कुठंतरी कात्री लागली असणार. पण अहवाल हातात धरून मी हिशेब मांडला. गिरणीची किंमत त्यांच्या देशातून निघून त्यांच्याच देशातल्या कारखान्यात गेली. मजुरी तिथल्या कामगारांना मिळाली. आणि कागदावर ती मदत आमच्या नावावर! मग वाढला कोणता देश?

मदतच नको, असं मी म्हणत नाही. त्याच गावात परदेशी पैशातून बसवलेला जुना हातपंप आजही पाणी देतो, कारण तो दुरुस्त करायला गावातल्याच दोन बायकांना शिकवलं होतं आणि सामान अभनपुरात मिळतं. म्हणजे नीट कसं करायचं हे माहीत असतं. माहीत असून करत नाहीत, याचाच मला संताप येतो.

बायकांनी शेवटी आपसात पैसे जमवून अभनपुरातल्या एका बंद पडलेल्या दुकानातली जुनी गिरणी घेतली. शेड रिकामं करता येईना, कारण कागदपत्रांशिवाय परदेशी गिरणी हलवायची नाही, असं ऑफिसनं बजावलं होतं. म्हणून दीदीच्या ओसरीवर जागा केली. बाबांनी पट्टा बसवला, दगडांतलं अंतर तिवऱ्यापुरतं जुळवलं. पहिली डाळ चुरा न होता निघाली तेव्हा दीदीनं मूठभर बाबांच्या हातावर ठेवली आणि बाबा चष्मा वर करून कितीतरी वेळ ती बघत राहिले. उन्हाळ्यापर्यंत ती डाळ रायपूरच्या समता कॉलनीतल्या दुकानांत मिळायला लागली.

हे ऑफिसला कळलं. एक दिवस मी ओसरीवर बसले असताना तिथला नवा कर्मचारी कॅमेरा घेऊन आला. "दीदी, इस मशीन का एक फोटो चाहिए. प्रोजेक्ट की सफलता है ना."

दीदीनं गिरणी बंद केली, पदरानं हात पुसले आणि पलीकडच्या शेडकडं बोट दाखवलं. "फोटो खींचना हे त ओकर खींच."

तो बिचारा खरंच तिकडं गेला. शेडला कुलूप होतं, आणि किल्ली शंकर नगरच्या ऑफिसात.