फ्रेंचांच्या बाजूचा माणूस

शेजारच्या वामनरावांच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी तळघरात रंधा मारत होतो. मुलगा श्रीकांत जिन्यात येऊन उभा राहिला आणि नुसतं "बाबा" म्हणाला. वामनराव गेले होते. सकाळी घरामागच्या वाफ्याला पाणी घालून आत आले, खुर्चीत बसले, आणि... संपलं. त्याच वाफ्यासाठी मी कारल्याचा मांडव करत होतो.

एक्क्याऐंशी साली श्रीकांतनं मला जर्सी सिटीला आणलं. मी सुतार माणूस, चौथी पास. इथे घरात सगळे माझ्याशी गोड बोलतात. मी काहीही म्हणालो की सून "हो बाबा" म्हणते, नातू "ओके आजोबा" म्हणतो. माणूस निकामी झाला की त्याच्याशी कुणी वाद घालत नाही, हे मला इथे कळलं. दोन घरं सोडून राहणारे वामनराव मात्र पहिल्याच भेटीत भांडले. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून रिटायर झालेले. मी केलेल्या स्टुलावर बसून मलाच म्हणाले, "मिस्त्री, दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या राजाचा एक वैद्य होता. त्याचं म्हणणं, नवी संपत्ती फक्त जमीन देते. एक दाणा पेरला की कणीस येतं. सुतार काय करतो? लाकडाचा आकार बदलतो आणि जेवढी किंमत वाढवतो तेवढंच तोवर खाऊन संपवतो. म्हणून तुम्ही कारागीर लोक वांझ."

"वांझ? मग उठा त्या स्टुलावरून. बसा तुमच्या जमिनीवर."

आणि ते खरंच उठून गवतावर बसले. हसत.

मग रोज दुपारी तेच. ते फ्रेंचांकडून, मी इंग्रजांकडून. इंग्रजांकडचा मोठा पंडित मूळचा स्कॉटलंडचा, हेही मला वामनरावांनीच सांगितलेलं. कष्ट शेतातले असोत की कारखान्यातले, संपत्ती त्यातून येते असं तो म्हणाला, म्हणून तो माझा. वामनराव चिडवायचे, "तुमचा पंडित पॅरिसला जाऊन आमच्या वैद्याच्या बैठकीत बसला होता, मिस्त्री. देशाच्या अंगात माल नि पैसा रक्तासारखा फिरतो, हे त्यानं तिथेच ऐकलं."

"ऐकलं असेल. पण ते वांझ तेवढं टाकून दिलं ना? शहाणा माणूस."

एकदा त्यांनी सांगितलं, इतका मतभेद असूनही त्या पंडितानं आपलं मोठं पुस्तक त्या वैद्यालाच अर्पण करायचं मनात धरलं होतं. पण पुस्तक पुरं व्हायच्या आत वैद्य वारला. "मग वेळेत लिहायचं की," मी म्हणालो. "तुम्ही वेळेत काम देता का?" ते म्हणाले. "माझ्या कारल्याचा मांडव कधी होणार?" खिळा मारायचा नाही, खाचेत लाकूड बसवायचं, ही माझी रीत. मी म्हणालो, "होईल तेव्हा होईल."

तेरावं झाल्यावर मी मांडव नेऊन वाफ्यात उभा केला. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या.  मग म्हणाल्या, "भावजी, एक सांगू? कॉलेजात शिकवताना हे तुमचीच बाजू घ्यायचे. फ्रेंचांचं चुकलं, असंच मुलांना सांगायचे. तुमच्याशी बोलताना मात्र..."

"ते मला सांगू नका, वहिनी."

मला ते मान्य नाही. माझे वामनराव फ्रेंचांच्या बाजूचे होते आणि शेवटपर्यंत हरले नाहीत. या अख्ख्या देशात मला तोंडावर चूक म्हणणारा एकच माणूस होता. तोही जर मनातून "हो मिस्त्री" म्हणत असेल, तर माझ्याशी भांडलं कोण?

त्यांनीच लावलेली वेल आता कमरेच्या वर आली आहे. तिचे बारीक ताणे माझ्या लाकडाला वेढे घालत वर चालले आहेत. दुपारी मी स्टूल घेऊन तिथे जातो, मांडवाला हात लावतो आणि विचारतो, "बोला, आता वांझ कोण?"

मग मीच म्हणतो, "वेल मातीतून आली, मिस्त्री. तुम्ही नुसता आधार दिलात." आणि स्टूल सोडून गवतावर बसतो. फ्रेंचांकडून कुणीतरी बोलायला हवं.