वरच्या अंगाला गेलेला डबा

१८ सप्टेंबर. घटस्थापनेच्या आधी घरातल्या वाकळा धुवायच्या होत्या. शहरात, शुक्रवार पेठेत, आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं; त्यात वाकळा निघत नाहीत. म्हणून दसरा काढायला मी दरवर्षी माहेरी जाते. माहेर सीनेच्या काठी, ती भीमेला मिळते तिथून जवळच.

ऊन कडक होतं. भावजय आणि मी धुवत होतो, धाकटा भाऊ काठावर मोटरीला पाइप जोडत होता. साबणाचा डबा माझ्या हातून सुटला आणि वरच्या अंगाला, धारेच्या उलट, निघाला. वाऱ्यानं असेल, म्हणून मी सोडून दिलं. मग भावजयीनं पालापाचोळा दाखवला. तोही वरच चालला होता आणि वारा मुळीच नव्हता. थोड्या वेळात धुण्याचा दगड बुडाला.

मी भावाला मोटर वर घ्यायला सांगितलं. सगळा कांदा त्या एका मोटरीवर. पण आमच्याकडची रीत अशी, की नदीची शंका आली की वरच्या गावाला फोन करायचा. त्यानं मोहोळकडच्या पाहुण्यांना केला. तिकडे पाणी होतं तिथंच होतं.

"वर काय न्हाय की आक्का. मग हितं कुटनं येईल?"

"ते मला कळत न्हाय. दगड बुडाला एवढं दिसतंय."

"नदी कुटं माघारी येती व्हय? शेरात ऱ्हाऊन नदी इसरलीस तू."

पंचाईत ही, की मलाही त्याचं पटत होतं. वाकळा उचलल्या. माझ्या समाधानासाठी त्यानं मोटर दोरीनं बाभळीला बांधली आणि आम्ही जेवायला गेलो. परत आलो तर बाभळीचा बुंधा पाण्यात होता. मोटर दिसत नव्हती.

संध्याकाळी भाऊ डेअरीवरून ऐकून आला. पुण्याकडे पाऊस झालाय, धरणातून भीमेत पाणी सोडलंय, भीमा भरली म्हणून सीना मागं तुंबली. मग धरण सुटतं तेव्हा दरवर्षी असं का होत नाही? कुणी म्हणे वाळू काढली म्हणून, कुणी म्हणे खालच्या बंधाऱ्याची दारं वेळेवर काढली नाहीत. भावजय विचारत राहिली, "पण वन्सं, हितं थेंब न्हाय. मग ह्ये पाणी सीनेचं म्हणायचं का भीमेचं?" तिची स्वतःची मावशी संगमाच्या खालच्या गावात राहते. तिला फोन करावा हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी मावशीला फोन लावला. पाणी उतरतंय म्हणाली. मग तिघांनी दोरी ओढून मोटर बाहेर काढली, कालच धुतलेल्या जाड वाकळेत गुंडाळली, आणि टेम्पोत घालून मी ती शहरात अक्कलकोट रोडला नव्यानं वाइंडिंग भरायला नेली.