पाच पिढ्यांवरचे भिकाजीकाका

आमच्या मधुराचं लग्न वर्षभर पुढे ढकललं जाता जाता राहिलं. त्याला मी आणि पुण्यातलं एक वाचनालय असे दोघेच जबाबदार आहोत. पैकी वाचनालयाने अजून कबुली दिलेली नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या बँकेने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. योजनेत स्वेच्छा बँकेची होती आणि निवृत्ती माझी. घरी बसून आठवडाही झाला नव्हता, तोच मंदा (म्हणजे आमची सौभाग्यवती) म्हणाली,

"अहो, दुपारचं जरा बाहेर जात जा."

"कुठे?"

"ते तुम्ही ठरवा. मला 'बाहेर' एवढंच हवंय."

म्हणून मी वाचनालयात जाऊ लागलो. दुपारच्या वाचनालयासारखी जागा पृथ्वीवर नाही! वर पंखे संथ फिरताहेत, झरोक्यात कबुतर घुमतंय, जुन्या कागदांचा तो गोडसर वास, आणि समोर माझ्यासारखेच घरून हाकललेले चार-पाच गृहस्थ. तिथे कोपऱ्यातल्या कपाटात मला कुलवृत्तांत सापडले. पुण्यात ज्याच्या घराण्याला जरा मान आहे त्याने आपला कुलवृत्तांत छापलेला असतो. कोण कुणाचा मुलगा, कोण इंदुराकडे गेला, कोण निपुत्रिक वारला, सगळं. एकेका घराण्याचे पूर्वज काय एकेक! कुणाला पालखी, कुणाला इनाम, कुणाला हत्तीवरून साखर वाटण्याचा मान. मला माझ्या वडिलांच्या मागचं काही माहीत नव्हतं, आणि वडिलांना फक्त सायकल होती. मला फार हेवा वाटला.

मग मी मोडी लिपीच्या वर्गाला गेलो, आणि जुन्या सरकारी दप्तरात जाऊन रुमाल मागू लागलो. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेली जुन्या कागदांची गठडी. पहिल्या दिवशी तिथल्या कारकुनाने "कुठला रुमाल?" असं विचारल्यावर मी खिशातला काढून दाखवला होता. ते असो.) बरेच महिने धूळ खाल्ल्यावर एका कागदात आमच्या आडनावाचे रंगोपंत भेटले. कागदात त्यांच्याबद्दल एवढंच होतं की त्यांच्या घोड्याला दाणा मिळाला नाही. पण मला तेवढं पुरलं! घोडा आहे म्हणजे स्वार आला, स्वार आहे म्हणजे मोहीम आली. रोज दुपारी पंख्याच्या घरघरीत रंगोपंत करड्या घोड्यावरून यायचे, नदीच्या वाळूत थांबायचे, मागे वळून माझ्याकडे बघायचे. त्यांचं नाक थेट माझ्यासारखं होतं. मी हात उंचावणार, तेवढ्यात ग्रंथपालबाई खांदा हलवायच्या.

"अहो, घोरायचं असेल तर संदर्भ विभागात नको. कादंबऱ्यांकडे बसा, तिकडे सवय आहे सगळ्यांना."

रंगोपंतांपासून मी खाली उतरत उतरत स्वतःपर्यंत पोचलो आणि जुन्या कॅलेंडरांची पानं पाठीमागून चिकटवून एक भलामोठा वंशवृक्ष काढला. तो आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याच्या भिंतीवर लावला. टीव्ही त्यासाठी बाजूला सरकवावा लागला.

झाडाची एक फांदी सासवडच्या पुढच्या एका गावात गेली होती. एके सकाळी मी स्वारगेटहून एसटी पकडली आणि त्या फांदीच्या टोकाशी जाऊन उतरलो. टोकाला भिकाजीकाका बसले होते. नव्वदी गाठलेले, बायको गेलेली, मूलबाळ नाही, शेजारी जेवणाचं बघायचे. मी त्यांना सांगितलं, "रंगोपंतांच्या नातवाचे दोन मुलगे. थोरल्याचे आम्ही, धाकट्याचे तुम्ही. पाच पिढ्यांवर आपण एक होतो!" काकांनी माझे दोन्ही हात धरले. "आपलं मानूस हाय म्हणायचं कुनीतरी," म्हणाले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! निघताना मी माझा पत्ता आणि फोन नंबर काकांना दिला, शेजाऱ्यांना दिला, सरपंचांना दिला आणि पिठाच्या गिरणीत खडूने लिहून आलो.

इकडे मधुराचं लग्न ठरलं. ती आणि निखिल दोघे हिंजवडीच्या एकाच कंपनीत, एकाच कंपनीच्या बसमध्ये रोज दोन-दोन तास अडकायचे. (त्या रस्त्याने जितकी लग्नं जमवली तितकी कुठल्या वधूवरसूचक मंडळाने जमवली नसतील.) निखिलला कंपनी अमेरिकेला पाठवत होती. जायच्या आत लग्न झालं तर मधुरा बरोबर जाणार, नाही तर वर्षभर हा तिकडे आणि ही इकडे. कार्यालयही एकाच तारखेला मिळत होतं, तेही कुणाचं तरी मोडलं म्हणून. आमची पोर एरवी कधी काही मागत नाही. ती रात्री हळूच येऊन म्हणाली, "बाबा, एवढी एक तारीख सांभाळा हं."

आता मी काय करायला हवं होतं? तारीख सांभाळायला हवी होती. मी काय केलं? साखरपुड्याला व्याह्यांना वंशवृक्ष दाखवला!

हातात पट्टी घेऊन मी रंगोपंतांपासून सुरू झालो. व्याही जांभई आवरत होते, पण त्यांच्या मातोश्री चष्मा लावून पुढे आल्या. त्यांना सगळ्या घराण्यात आजी म्हणत आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. त्या भिकाजीकाकांच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाल्या,

"हे हयात आहेत?"

"हो तर! नव्वदीचे. स्वतः भेटून आलो. पाचवी पिढी!" मी छाती फुगवून सांगितलं.

आजींनी बोटांवर मोजलं. "सात पिढ्यांच्या आत. म्हणजे तुम्हाला त्यांचं पूर्ण दहा दिवसांचं सुतक. प्रकृती कशी आहे?"

"छान आहे," मी म्हणालो. "जरा खोकतात."

वधूपित्याला सुतक म्हणजे कन्यादान नाही, कन्यादान नाही म्हणजे लग्न नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मी तेवढा रंगोपंतांकडे बघत होतो. घोड्यावरून ते मला काहीतरी सांगत होते, बहुधा 'गप्प बस' असं.

पाहुणे गेल्यावर मंदा म्हणाली, "दोन वर्षं वाचनालयात बसून शोधून शोधून काय आणलंत? एक सुतक."

"अगं, पण माणूस किती गोड आहे!"

"गोड आहेतच हो. मी म्हणते, हे गोड माणूस लग्न झाल्यावर शोधलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मंदाच्या भावाने तोडगा काढला. सुतक कळलं तर लागतं. कळलंच नाही तर लागत नाही. लगेच मंदाने फोनचा रिसीव्हर काढून खाली ठेवला, माझा मोबाइल बंद करून डाळीच्या डब्यात टाकला आणि सासवडच्या बाजूने वारासुद्धा येऊ नये म्हणून की काय, खिडकी लावून घेतली. आम्ही हुश्श करून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. दारात काका! एका बाजूने त्यांचा गावाकडचा शेजारी, दुसऱ्या बाजूने जीपचा ड्रायव्हर, मध्ये शालीत गुंडाळलेले काका.

"फोनच लागंना तुमचा," शेजारी म्हणाला. "खोकला वाढलाय, ताप बी हाय. म्हटलं पुण्यात आता त्यांचं मानूस हाय की! गावाकडं कोन हाय त्यांचं?"

मंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मधुराच्या खोलीतला पलंग झटकला.

त्यानंतर आमच्या घरात लग्नाची तयारी थांबली आणि काकांची सुरू झाली. डॉक्टर रोज येऊ लागले. मऊ भात, मुगाचं वरण, गरम पाणी. तळलेलं बंद, गोड बंद, वारा बंद! निखिल ऑफिसातून येताना रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आला आणि आकडे कॉम्प्युटरवर भरून त्यांचा आलेख काढू लागला. रेघ वर गेली की मधुरा रडवेली व्हायची, खाली गेली की व्याह्यांचा फोन यायचा. व्याही रोज सकाळी विचारायचे, "काका कसे आहेत?" मुलगी कशी आहे हे कुणीच विचारत नव्हतं. काका शिंकले की चार माणसं धावायची. मी रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघायचो, आणि एकदा बघता बघता त्यांनी डोळे उघडले.

"झोप की रं अरविंदा," काका म्हणाले. "किती करता माझ्यासाठी. जल्मात कुनी एवढं इचारलं न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि अंधारात तसाच बसून राहिलो. माणूस मला खरंच आवडत होता हो! त्याने जगावं असं मला मनापासून वाटत होतं. फक्त त्या वाटण्याला कार्यालयाची तारीख चिकटली होती.

शेवटी गुरुजींनीच वाट काढली. "लग्नाच्या आधी दहा दिवसांपर्यंत नांदीश्राद्ध करता येतं. एकदा नांदी झाली, देवक बसलं, की मग सुतक लग्नाला आडवं येत नाही. आपण लवकरात लवकरचा दिवस धरू." नांदी म्हणजे मंगलकार्याआधी पूर्वजांना बोलावून त्यांचा आशीर्वाद घ्यायचा. पूर्वजांना! आता आमच्याच हातात बॅट आली! मी रंगोपंतांपासूनच्या सगळ्या पिढ्या घडाघडा पाठ केल्या, आंघोळ करताना म्हटल्या, इस्त्री करताना म्हटल्या.

नांदीच्या सकाळी काकांचा ताप उतरला होता. सोवळं नेसून मी पाटावर बसलो, शेजारी मंदा. मी घसा खाकरला.

"नांदीत नावं उच्चारत नाहीत," गुरुजी म्हणाले.

"एकही नाही?"

"नाही. मनात स्मरण करा. आधी आई, मग आजी, मग पणजी. इथे स्त्रियांपासून सुरुवात असते. झालं की सांगा."

मी डोळे मिटले. आई आली, अगदी समोर येऊन बसली. आजी आली, तिला आम्ही माई म्हणायचो, पण नाव? आणि पणजी? मी डोळे घट्ट मिटले. रंगोपंत आले, घोडा आला, त्यांच्यामागून सगळी पागोटी एका रांगेत आली. त्या सगळ्यांच्या मागे, पार लांब, एक बाई पाठमोरी उभी होती. मी बोलावलं तरी तिने वळून पाहिलं नाही. वळेल कशी! कुठल्या नावाने हाक मारणार होतो मी तिला?

"झालं?" गुरुजींनी विचारलं.

मी मंदाकडे झुकलो. "अगं, माझ्या पणजीचं नाव काय?"

मंदाने मान न हलवता उत्तर दिलं. "लक्ष्मी. माहेरची गोदा. आणि माई म्हणजे सरस्वती. अहो, दर वर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण कुणासाठी जेवू घालते मी? आणि खीर-वडे कोण चापतं?"

इतकी वर्षं मी ती खीर खात होतो. कुणाच्या नावाची ते विचारायला फुरसत झाली नव्हती, कारण आधी बँक होती आणि निवृत्तीनंतर मी घराण्याचा इतिहास शोधायला बाहेर पडलेलो असायचो. मी परत डोळे मिटले आणि मनात म्हणालो, लक्ष्मीआजी, चुकलं. मला खरोखर तसं वाटलं.

विधी आटोपला. गुरुजी म्हणाले, "झालं. आता कसलीही चिंता नाही." व्याह्यांनी घाम पुसला. आजींनी मान डोलावली. मधुराने माझ्या गळ्यात हात टाकले. तेवढ्यात आतल्या खोलीतून खणखणीत आवाज आला.

"म्हंजी आता मी मेलो तरी चालतंय न्हवं?"

काका काठी टेकत दारात आले. "मला काय कळत न्हाई व्हय? पयल्याच दिवशी कळलं. पर मुगाच्या वरनावर लई दिवस काढले मी पोरीसाठी. आता श्रीखंड आना."

मंदा हसली. मग काका हसले. मग सगळेच हसत सुटले, मी सोडून. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. काकांनी त्या दिवशी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं, लग्नात जिलबीवर ताव मारला, आणि मधुरा-निखिलच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना विमानतळाच्या गाडीत बसवलं. खोकला कुठे गेला ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

पाहुणे पांगल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो. मी वंशवृक्ष खाली घेतला आणि मंदा सांगेल तसतशी बायकांची नावं भरायला बसलो. काका शेजारी बसून बघत होते. शेवटी त्यांनी माझ्या चौकटीवर काठी टेकवली.

"अरविंदा, तुझ्या शेजारी सूनबाई कुठं हाय?"

मी पाहिलं. माझ्या शेजारी रंगोपंतांच्या घोड्याचं चित्र होतं. वर रंगोपंतांपाशी तो मावला नव्हता म्हणून इथे काढला होता, त्यामुळे मंदाला जागा उरली नव्हती.

"असू द्या हो काका," मंदा म्हणाली. "घोड्यालाही कुणीतरी हवंच की."

मी घोडा खोडला, मंदाचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं. तरी मन मानेना. म्हणून लग्नानंतरच्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तिला म्हटलं, "तू बस. आज चहा मी करतो." स्वयंपाकघरात जाऊन, डबे शोधून, बराच वेळ उकळून दोन कप चहा बाहेर आणला. मंदाने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. काकांनी मात्र डोळे मिटून सगळा संपवला, शालीने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"मारायचंच हुतं, तर येवढे दिस जपलंत कशाला?"