मी थोरली की धाकटी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीत शाळा सुटली. हे कोणी वाचणार नाही, तरी चुकांची माफी मागून ठेवते.

शनिवारी दुपारी चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आम्ही मराठी बायका एकीच्या घरी जमतो आणि कादंबरी मोठ्याने वाचतो. मुलं आपसांत तमिळच बोलतात, निदान आपल्या कानांवर तरी मराठी पडावं म्हणून. पुस्तक संपलं की प्रत्येकीने सांगायचं, यातली मी कोण. माझी पाळी आली की मी चहा करायला उठते.

मागचं पुस्तक दोन जावांचं होतं. थोरलीचा सासूच्या पाटल्यांवर डोळा. धाकटी दर वेळी म्हणते, "तुम्हीच घ्या." शेवटी पाटल्या थोरलीला मिळतात आणि सगळं गाव धाकटीला मान देतं. सगळ्या रडल्या, मीही रडले. पण मला कळेना, धाकटी हरली की जिंकली? आणि थोरलीला काही हवं होतं, एवढ्यावरून तिचा इतका राग का यावा?

माझी थोरली जाऊ शेजारीच बसली होती. मी इडलीचं पीठ वाटून गल्लीत विकते. त्यासाठी ग्राइंडर घेतला तेव्हा तिनेच पैसे दिले होते. ते मी थोडे थोडे फेडत होते. पाळी आल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "मी धाकटी. हिच्याकडे माझे पैसे आहेत ना, उरलेले मी आज सोडले."

"मन असावं तर असं!" एक जण म्हणाली. दुसरी माझ्याकडे बघून म्हणाली, "मग तू कोण गं? पाटल्यावाली?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि चहा करायला उठले. पैसे वाचले, आनंद व्हायला हवा होता. घरी हे म्हणाले, "सोडतेय तर सोडू दे की!" मलाच का झोंबत होतं, सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "ताई, पैसे मी देणार."

"चारचौघींत बोलले मी. आता घेतले तर कशी दिसेन?"

"आणि मी नाही दिले तर मी कशी दिसेन?"

असं उलट मी तिला कधी बोलले नव्हते. ती म्हणाली, "म्हणजे तुला माझ्यापेक्षा मोठं व्हायचंय."

खरं असेल. खोटंही असेल. पुस्तकात कोणाच्या मनात काय आहे ते लिहिलेलं असतं. माझ्या मनातलं मला कोण सांगणार? ती पीठ न्यायला येईनाशी झाली. मी मागच्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या पिठाच्या ऑर्डरीही घेतल्या, सकाळ-संध्याकाळ वाटत राहिले. तिचा राग जावा म्हणून की तिला हरवायला, ते आजही ठरत नाही.

पैसे जमले तशी मी तिच्याकडे गेले. ती वांगी चिरत होती. नोटा पुढे ठेवल्या.

"आता शनिवारी मी काय सांगू त्यांना?"

"सांगा, जावेने ऐकलं नाही."

"तुलाच शहाणी म्हणतील."

"नाही हो, हट्टी म्हणतील."

ती जराशी हसली, की मलाच तसं वाटलं. हात पदराला पुसून तिने नोटा मोजल्या, परत मोजल्या. "बरोबर आहेत," म्हणाली. पैसे सगळे फिटले.