बादली कोरडीच राहिली

शालू, तिकडे पुण्यात बसून लांबून हसू नको. खुर्ची ओढ, जवळ ये आणि कान इकडे कर. अकोल्यात इतकी वर्षं माझ्या भिंतीला भिंत लावून राहिलीस, आणि लोकांनी सांगितलं की मी डोंगरावर जाऊन वाईन ढोसून आले, तर तू खुशाल खरं मानलंस? असं काही झालं नाही. मी फक्त एका स्थळाला नकार द्यायला गेले होते आणि लग्न जमवून परत आले.

सगळं सुरू झालं माझ्या थोरल्या भावापासून. आमचा अमरावतीचा दादा गं. त्याच्या रेवतीने स्वतःच एक मुलगा पसंत केला, हर्षल. मुलगा गुणी, दिसायला नीट, शेंदूरजनाघाटला घरची संत्र्याची बाग. इथपर्यंत दादाला सगळं पटलं. मग कळलं की हर्षल आणि त्याची आई चिखलदऱ्याच्या डोंगरावर छोटीशी वायनरी चालवतात. संत्र्याची वाईन, जांभळाची वाईन, स्ट्रॉबेरीची वाईन! दादाने जेवणाचं ताट सरकवलं. (रिकामं झाल्यावरच सरकवलं, पण सरकवलं.)

"दारू गाळणाऱ्याच्या घरी माही पोरगी देऊ काय?"

"बाबा, फळांची वाईन आहे ते," रेवती म्हणाली.

"फळांची असो का फुलांची! बेबी, तू जा. पाह्यल्यासारखं कर आन् नाई म्हणून ये. तुह्यासारखं 'नाई' कोणालेच म्हणता येत नाई."

बेबी म्हणजे मी. (वय विचारू नको.) आणि नकारात माझा हातखंडा आहे, हे खरंच. रेवतीला आलेली स्थळं मीच तर परतवली! एका पोराने बशीतल्या चहावर अशी फुंकर मारली की चहा माझ्या साडीवर आला. तो तिथेच बाद. माझं वाक्य ठरलेलं: "पोरगा चांगला आहे, पण पत्रिका जुळत नाही." कोणाचं मन दुखत नाही, कोणी भांडत नाही.

गाडी रेवतीच चालवत होती. वलगाव गेलं, परतवाडा गेलं, घाट लागला. शेवटी एका वळणावर पोरगी म्हणाली, "आत्या, एकडाव त्याले नीट पाह्य. मंग नाई म्हण."

"पाह्यतो नं वं," म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. तिचे डोळे भरलेले मला दिसले होते. पण काय करणार? पिशवीत कुंकवाची डबी होती आणि चिखलदऱ्याच्या देवीसाठी घेतलेला नारळ. आधी नकार, मग देवी, असा माझा बेत.

वायनरी म्हणजे एक टिनाचं शेड आणि आत स्टीलच्या टाक्या. इतकं स्वच्छ, की दुधाच्या डेअरीत आल्यासारखं वाटलं. हर्षलची आई मंदाताई समोर आली. सुती साडी, कपाळभर कुंकू. अगं, ही तर आमच्या भजनी मंडळातली शोभली असती!

हर्षलने टेबलावर पेले मांडले आणि मधोमध एक बादली ठेवली. "आत्याबाई, लहान घोट घ्याचा, तोंडात घोळवाचा आन् बादलीत थुकाचा. गिळाचं नाई. नुसती चव पाहाची."

थुकायचं? शालू, तूच सांग! पहिल्यांदा सोयऱ्याच्या दारी गेलेली बाई, समोर मुलाची आई, आणि मी थुकू? नकार द्यायला गेले म्हणून काय रीतभात घरी ठेवून गेले होते?

मी गिळलं.

आता मंदाताईला माझा पेला रिकामा दिसला. वऱ्हाडातल्या बाईला पाहुण्याचं रिकामं भांडं बघवतं का?

"घ्या नं जी, थोडीशी!"

"नाई जी, बस झालं!" मी पेल्यावर हात धरला. तिने कढी वाढावी तशी बोटांच्या फटीतून ओतली!

पुढची गंमत ऐक. ही बाई रोज वाईन चाखायची, पण जन्मात एक थेंब गिळला नव्हता. सगळं बादलीत. आता पाहुणी गिळते आणि आपण थुकायचं, हे तिला बरं दिसेना. तिनेही गिळली! संत्र्याची झाली, जांभळाची झाली, परत संत्र्याची झाली...

"आई, बादली!" हर्षल घाबरला.

"चूप बस! पाहुण्यासमोर थुकतेत काय?"

"आत्या, पाणी पे," रेवती माझ्या कानाशी.

"पाणी काहून? ते घरूनच पेऊन आलो मी!"

मग मी आणि मंदाताई एकमेकींना धरून टाक्या बघायला निघालो. (टाक्या हलत होत्या. आम्ही नाही.) शेडला पायऱ्याच नव्हत्या, सगळीकडे छान उतार.

"माहे गुडघे दुखतेत नं, म्हणून हर्षलनंच पायऱ्या फोडून उतार केला," मंदाताई म्हणाली.

मला भरूनच आलं. माझ्या गुडघ्यांना आजवर घरच्यांकडून फक्त सल्ले मिळालेत!

तरी मी कर्तव्य विसरले नाही हो! टेबल धरून उभी राहिले, घसा खाकरला आणि ठरलेलं वाक्य म्हणायला घेतलं. पण ते उलटीकडून बाहेर आलं.

"पत्रिका जुळत नाई... तं नाई जुळत! पोरगा चांगला हाय!"

आणि पिशवीतून डबी काढून हर्षलला टिळा लावला. (पहिला कानाला लागला, दुसरा बरोबर.) वर त्याच्या हातात नारळही दिला! मंदाताईने रडत रडत तिथल्या तिथे सुपारी फोडली. रेवतीने माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की मी बादलीतच बसायची राहिले.

दादाला फोन लावला. "दादा, सुपारी फुटली!"

"कोणाची?"

"आपलीच!"

"तुले 'नाई' म्हणायले पाठवलं होतं मी!"

मंदाताईने फोन ओढला. "भाऊसाहेब, तुमच्या बहिणीनं एक घोट थुकला नाई जी! असंच घराणं पाहिजे होतं मले!"

दादाने मला परत फोनवर घेतलं. "टिळा लावला?"

"लावला."

"नारळ देल्ला?"

"देल्ला."

"देवीचा?"

"देवीचाच."

जगात दादा फक्त देवीला भितो. "मंग आता मोडता येते काय? देवीचा नारळ वापस मांगाचा काय?"

साक्षगंधाला (तुमच्या पुण्यात साखरपुडा म्हणतात तो) दादा स्वतः डोंगरावर गेला. एक घोट तोंडात धरून बादलीकडे बघत उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, आणि गिळला!

तर अशी ही खरी हकिकत. लग्नाला तू येशीलच, पण त्याआधी चार दिवस माझ्याकडे ये. मंदाताईने दिलेली बाटली फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या मागे ठेवली आहे. जमणार नाही असं मात्र कळवू नको. आणि कळवायचंच असेल, तर नाही कसं म्हणायचं ते दुसऱ्या कोणाला विचार. मला आता येत नाही!