पाषाणवीराचे जन्म

माझे संपूर्ण नाव त्र्यंबक नरहरराव मुळजकर. वय एकोणऐंशी वर्षे. शिक्षण सातवीपर्यंत, त्यापुढील सर्व वाचन स्वतःच्या बळावर केलेले आहे. माणूस एकटा राहू लागला, की किस्से साचत जातात. चार माणसांत ते सांगून खर्ची पडतात. सांगायला कोणी नसले, की एकावर एक चढतात. माझ्याजवळचा हा ढीग एका चित्रकथेच्या नायकाचा आहे. तो आम्ही तिघांनी लातूरला, गोलाई बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत जन्माला घातला. कागदावर, अर्थात!

तिघे म्हणजे मी, बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवरचा नोकर. अमीनभाई, पाट्या रंगविणारे पेंटर. आणि कमलबाई, जिचे पुस्तके किरायाने देण्याचे दुकान होते. दर बुधवारी तिच्या दुकानात आमची बैठक भरे. माझी पत्नी लवकर गेली, मूलबाळ नव्हते. त्या बैठकीखेरीज माझी वाट पाहणारे ठिकाण या शहरात नव्हते.

*

मुलांना नवी चित्रकथा हवी होती आणि बाजारातली सगळी वाचून संपली होती. "मग आपणच करू की!" असे कमलबाई म्हणाली. चित्रे अमीनभाईंची, मजकूर माझा. प्रत एकच, दोऱ्याने शिवलेली.

नायक कंधारच्या किल्ल्याच्या तटबंदीतून निघाला. वीज पडते, बुरुजातला एक दगड दुभंगतो आणि आतून तो उभा राहतो: पाषाणवीर! अंग करड्या रंगाचे, डोक्याला फेटा, पाठीवर घोंगडी.

छातीवर काहीतरी चिन्ह असावे, असा मी आग्रह धरला. अमीनभाईंनी हाताशी होता तो पत्र्याचा साचा लावला आणि लाल रंग मारला. त्या महिन्यात ते कुटुंबनियोजनाच्या पाट्या रंगवीत होते. पाषाणवीराच्या छातीवर लाल त्रिकोण उमटला!

कमलबाईने चित्र दूर धरून पाहिले. "अमीनभाई, हा दुष्टांना मारणार हाय का ऑपरेशनला नेणार हाय?"

त्रिकोण तसाच राहिला. दुसरा साचा नव्हता.

*

संवाद शुद्ध असावेत, हे माझे तत्त्व होते आणि आजही आहे. पहिल्याच अंकात पाषाणवीर दरोडेखोराची मान धरून म्हणतो, "हे दुर्जना, तुझ्या या निंद्य कृत्याबद्दल मी तीव्र नापसंती व्यक्त करीत आहे!"

अमीनभाई ब्रश खाली ठेवून म्हणाले, "राव, हा त्याला मारून राहिला का पंचनामा करून राहिला?"

मी एक अक्षरही बदलले नाही. पुढे गल्लीतली मुले भांडताना एकमेकांची गचांडी धरून "मी तीव्र नापसंती व्यक्त करीत आहे!" असे ओरडू लागली. वाङ्मयाचा प्रसार असाच होत असतो.

*

आमचा सर्वांत निष्ठावंत वाचक म्हणजे कमलबाईचा धाकटा भाऊ नामदेव. औश्याच्या पलीकडल्या खेड्यात त्याची शेती होती. बाजाराच्या दिवशी तो दुकानात येई, पायरीवर बसे आणि सदऱ्याच्या खिशातले गूळ-शेंगदाणे खात पाषाणवीर वाचे. प्रत्येक पानावर त्याची चिकट बोटे उमटत.

मी त्याला एकदा बजावले, "नामदेवराव, ग्रंथ हाताळण्याची एक रीत असते."

तो पान उलटत म्हणाला, "भाऊ, ह्यो वीर नुसता हाणामारी करून राहिला. त्याला कुणी खायला घालतं का न्हाई?"

पान चार आणि पान पाच यांच्यामध्ये त्याने दोन शेंगदाणे ठेवले. मी ते काढले. पुढच्या बाजारी पुन्हा होते!

*

गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला. ज्या घरांच्या भिंती जाड दगडांच्या होत्या, ती घरे माणसांवर बसली. नामदेवचे घर तसल्याच भिंतींचे होते. तो त्याखाली गेला.

काही आठवड्यांनी कमलबाईने दुकान उघडले. पाषाणवीराचे सगळे अंक तिने माझ्या पुढ्यात ठेवले.

"भाऊ, हे घेऊन जावा. ह्यो दगडाचा हाय."

मी अंक पिशवीत भरले आणि घरी आणले.

बुधवार रिकामे गेले. मी बसस्थानकावरून सुटलो, की गोलाईला फेरी मारून घरी जाई.

*

मग एका बुधवारी अमीनभाईंनी मला बाहीला धरून दुकानापाशी नेले. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर त्यांनी पुरुषभर उंचीचा पाषाणवीर रंगविला होता. फेटा नव्हता, घोंगडी नव्हती. अंग करडे नव्हते, माणसासारखे गव्हाळ होते. त्रिकोण मात्र होता. पायाशी दगडांचा ढीग होता आणि तो त्यातून वर येत होता.

"ह्याचा जन्म बदलला राव," अमीनभाई म्हणाले. "हा दगडातून न्हाई निघाला. दगडाखालून निघाला. जित्ता!"

चेहरा नामदेवचा होता.

कमलबाई भिंतीजवळ जाऊन चेहरा न्याहाळू लागली. घर पडले तेव्हा घरातले फोटोही गेले होते. भावाचा एकही फोटो तिच्याजवळ नव्हता. ती म्हणाली, "नाक लहान झालंय. आमच्या नाम्याचं नाक फेंदारलेलं होतं."

अमीनभाईंनी पुन्हा ब्रश उचलला.

बैठक परत सुरू झाली. मात्र कमलबाई आता आपली खुर्ची दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून टाकू लागली.

*

त्यानंतर शहरात शिकवणी वर्गांचा सुकाळ झाला. गावोगावची मुले पेट्या घेऊन गल्लीत राहायला आली. घरोघरी मेस, माळ्यावर लॉज! शेजारच्या क्लासचे सर भिंतीसमोर येऊन थांबले.

"पेंटर, ह्याला पांढरा कोट घाला. गळ्यात स्टेथोस्कोप. आमच्या मेडिकलच्या बॅचसाठी मॉडेल चांगलं आहे."

अमीनभाईंना काम हवे होते. त्यांनी कमलबाईकडे पाहिले.

"कोट घाला, टाय घाला," ती म्हणाली. "थोबाडाला हात लावायचा न्हाई."

कोट चढला, परंतु अमीनभाईंनी त्याची बटणे उघडी ठेवली, कारण त्रिकोण झाकणे त्यांना मान्य नव्हते. सरांनी विचारले, "याची शक्ती कोणती लिहायची?"

मी उत्तर देण्यापूर्वी कमलबाई बोलली, "पाठांतर!"

सरांनी ते मोठ्या अक्षरांत लिहून घेतले.

*

पुढे फ्लेक्सची यंत्रे आली. एका दुपारात वीस टॉपरांचे चेहरे छापून मिळू लागल्यावर हाताने रंगविलेला चेहरा कोणाला हवा असतो? अमीनभाई नांदेडला लेकीकडे गेले. जाताना म्हणाले, "बुधवार सोडू नका राव." ते तिथेच वारले. मुलांना चित्रकथा वाचायला सवड उरली नाही, म्हणून कमलबाईने दुकान सोडले आणि ती हदगावला मुलीकडे गेली.

मी बुधवार सोडला नाही. भिंतीसमोरच्या कट्ट्यावर बसून वर्तमानपत्र वाचू लागलो. तिघांची बैठक एकट्याने चालविणे कठीण नसते. फक्त विनोदावर कोणी हसत नाही.

अमीनभाईंनी कोटाला आणि स्टेथोस्कोपला पाण्यात कालवलेला साधा डिस्टेंपर वापरला होता. काही पावसाळ्यांत तो धुऊन गेला आणि पांढरे ओघळ अंगावर राहिले. राख फासल्यासारखा उघडा पुरुष, छातीवर लाल त्रिकोण, पायाशी दगड!

एका परीक्षेच्या सकाळी पाहिले, तर कोणीतरी त्रिकोणावर कुंकू लावले होते. आठवड्याने उदबत्ती आली. मग नारळ!

*

आता शेवटचा किस्सा.

जागेच्या मालकाने दुकान पाडून तिथे वसतिगृह बांधायचे ठरविले. मी हदगावला फोन केला. "कमलबाई, भिंत पाडणार आहेत. आपल्याला पाहावयाचे असल्यास यावे."

ती दुसऱ्याच दिवशी बसने आली. आम्ही गल्लीत वळलो आणि थबकलो. त्या दिवशी मोठी परीक्षा होती. हॉल तिकिटे हातात घेऊन मुलामुलींची रांग भिंतीपासून मेसच्या दारापर्यंत लागली होती. गवंडी आपली हत्यारे बाजूला ठेवून बसला होता. "देवाला घण लावणार न्हाई," असे त्याने मालकाला सांगून टाकले होते!

कमलबाई रांग सोडून सरळ भिंतीकडे निघाली.

"आजी, चप्पल काढा की," इस्लापूरहून आलेली एक मुलगी म्हणाली. "लई जागृत हाय. भूकंपात सगळं पडलं, ह्यो देव दगडाखालून जित्ता निघाला. त्रिकोण हाय न्हवं, ते त्याचं यंत्र हाय."

वस्तुस्थिती स्पष्ट करणे हे माझे कर्तव्य होते. मी घसा खाकरला. "हे पहा मुली, हे चित्र मूलतः..."

"भाऊ," कमलबाई म्हणाली, "गप ऱ्हावा."

तिने चप्पल काढली. पुढे झाली. पायांना नव्हे, नाकाला हात लावला. मग वळून त्या मुलीला म्हणाली, "त्याला नारळ फोडू नका. गूळ-शेंगदाणे ठेवत जावा."

"तुमाला कसं ठाऊक, आजी?"

कमलबाईने चप्पल पायात घातली आणि मला विचारले, "हदगावची गाडी किती वाजता हाय?"

मालकाने वसतिगृह मागे सरकवून बांधले आणि भिंत ठेवली. तेव्हापासून तिथे नारळ फुटत नाहीत. कट्ट्यावर गूळ-शेंगदाणे असतात, आणि बुधवारी त्यांतले दोन मी खातो.